आज तीन, पाच वर्षांनी नऊ

४ फेब्रुवारी

चि. ठकू,

बाबांचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. ‘बरे’ला तुमच्या ऑफिसात किती गुण देतात ते माहीत नाही. इथे तो शब्द तापातही चालतो.

तुझं पाकीट मिळालं. बारा फॉर्म, बारा लिफाफे, सूचनांचा एक कागद. मोजून घेतले, बरोबर भरले. फॉर्मचं मराठी तू केलंस, हे आईला सांगितलं. ती म्हणाली, “शाळेत निबंध म्हटलं की रडायची.” अभिमानानेच म्हणाली.

फॉर्म मी नीट वाचला. एक शिडी डोळ्यांसमोर आणायची. शून्य म्हणजे जमीन, वाईटात वाईट आयुष्य. दहावी पायरी म्हणजे चांगल्यात चांगलं. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात? पाच वर्षांनी कितव्या पायरीवर असाल? दोन चौकटी, दोन आकडे. नाव लिहायचं नाही. लिफाफा ज्याचा त्याने चिकटवायचा. एवढ्यावर तुम्ही चाळीस देशांची सुखाची क्रमवारी लावता, हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

रागावू नकोस. चौतीस वर्षं मी वजनकाटे तपासले. दोन दुकानांतला माल ताडून बघायचा असला, तर आधी दोन्ही काटे रिकामे करून शून्यावर येतात का ते बघतात. तुम्ही माणूस रिकामा कसा करता? तूच लिहितेस की जावईबापूंच्या देशात वरच्या दोन पायऱ्यांवर कोणी पाय ठेवत नाही, ते उद्धट दिसतं; सात म्हणजे तिथे आनंदाचा कळस. आणि तुझी आधीची नोकरी होती त्या देशात पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूसही दहा सांगतो, कारण कमी सांगणं म्हणजे आपलं दुखणं समोरच्याच्या गळ्यात घालणं. मग या दोन देशांची तुलना करता कशी? आमच्याकडे एक पारडं जड असलं, तर दुसऱ्याला खडा बांधतात. त्याला पासंग म्हणतात. तुमचा खडा कुठे आहे?

यात मला स्वानुभव आहे. जावईबापू पहिल्यांदा आपल्याकडे जेवले, तेव्हा आई दोन दिवस स्वयंपाकाला खपत होती. त्यांनी सगळं संपवलं, तोंड पुसलं, दोन शब्द बोलले आणि तू भाषांतर केलंस, “वाईट नव्हतं म्हणतोय.” पुढचे दोन दिवस आई त्यांच्या ताटात वाढताना भिंतीकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी तू सांगितलंस की त्यांच्याकडे याहून मोठी स्तुती नाही, लग्नाच्या दिवशी तुलाही तेवढंच म्हणाले होते. आई म्हणाली, “आधी सांगायचंस. मी आग्रह केला असता.”

असो. फॉर्म वाटले. शिंप्याला विचारलं, तर तो दातांत सुई धरून म्हणाला, “चाललंय.” मी म्हटलं, आकडा लिही. “साहेब, चाललंय म्हणजे चाललंय. आकडा लावला की थांबेल.” औषधाच्या दुकानदाराने विचारलं, “जेवणाआधीचा की जेवणानंतरचा?” न्हाव्याने गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात “दहा!” म्हटलं आणि मग पाठ फिरवून लिहिलं. तुझ्या मोठ्या काकाने फॉर्म हातात घेऊन मला विचारलं, “तू किती लिहिलंस?”

मी म्हटलं, “दादा, ते सांगायचं नसतं.”

“मग मी तुझ्यापेक्षा एक कमी लिहितो. लहानपणापासून तसंच आहे.”

आईला फॉर्म दिला, तर तिने चष्मा लावला, दोन्ही बाजू वाचल्या. “तुम्ही बघणार का?” तिने विचारलं. मी म्हटलं, छे. “मग भरते,” ती म्हणाली. आतल्या खोलीत जाऊन दार लावून तिने तो भरला. इतका वेळ दोन आकड्यांना लागू नये.

बाराही लिफाफे परत आले आहेत. पुढच्या आठवड्यात पाठवतो. थोडं काम बाकी आहे.

एक तांत्रिक शंका. समज, एखाद्याने आज तीन आणि पाच वर्षांनी नऊ असं लिहिलं, तर तुमच्याकडे त्याचा अर्थ काय लावतात? ओळखीतलं कोणी नाही. सहज विचारतो.

यातलं काही फोनवर बोलू नकोस. फोन स्वयंपाकघराच्या दाराशी आहे.

तुझे,
बाबा


२६ फेब्रुवारी

चि. ठकू,

आशीर्वाद. तुझ्या पत्रात एकच प्रश्न आहे, आणि त्याखाली दोन रेघा आहेत: चिकटवलेल्या लिफाफ्यांतले आकडे तुम्हाला कसे कळले? मुलगी माझी शोभतेस.

क्रमाने सांगतो.

लिफाफे एकसारखे, आतला कागद एकसारखा. वजन सारखंच यायला हवं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेला नाजूक काटा घरात आहे. पोस्टात टाकण्याआधी मी लिफाफे तोलले. इथपर्यंत गैर काही नव्हतं. अकरा सारखे भरले. बारावा चार ग्रॅम जास्त. आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? तू म्हणशील, काहीच नाही. तेव्हा मला ते सुचलं नाही.

तो लिफाफा किटलीच्या वाफेवर धरला. शिंप्याचा निघाला. चौकटी कोऱ्या होत्या. त्यांच्याऐवजी त्याने आपल्या आयुष्याविषयी पाठपोट भरलेला वेगळा कागद जोडला होता. त्यात दोन ठिकाणी माझ्या विजारीचा उल्लेख आहे. आता गठ्ठ्यात अकरा बंद आणि एक उघडा झाला. एकसारखेपणा राहिला नाही. म्हणून बाकीचेही उघडले.

हे शेवटचं वाक्य मी चारदा लिहून पाहिलं. दरवेळी असंच दिसतं.

न्हाव्याने चार लिहिलंय. दादाने शून्य, आणि पुढे “सविस्तर भेटीत”. माझ्या हाताखाली तयार झालेल्या निरीक्षकाने साडेसात, अधिक-उणे अर्धा. शेजारच्या नवरा-बायकोने दोघांनीही सात लिहिलंय, आणि दोघंही वेगवेगळे येऊन दुसऱ्याने किती लिहिलं ते मला विचारून गेले. मी सांगितलं नाही. निदान तेवढं पाळलं.

तीन आणि नऊ तुझ्या आईचे आहेत. फॉर्मवर नाव नाही. पण एकेचाळीस वर्षं मी तिच्या हातच्या याद्या खिशात घालून बाजारात जातो. तिचा नऊ मी कुठेही ओळखेन.

तू लिहितेस, अशा माणसाला तुम्ही ‘आशावादी’ या रकान्यात टाकता. आशा कशाची, ते विचारत नाही का? मी विचार केला. पाच वर्षांत काय काय होणार आहे ते कागदावर मांडलं. घराला रंग. नदीवरचा नवा पूल. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. पुलामुळे कोणी सहा पायऱ्या चढत नाही. मग मी माझं वय लिहिलं. एकाहत्तर. त्यात पाच मिळवले. माझे वडील शहात्तराव्या वर्षी गेले. काकाही. कागदावर एवढी एकच गोष्ट होती जिच्यामुळे तुझ्या आईचं आयुष्य खरोखर बदलेल.

बेरीज पुन्हा करून पाहिली. बरोबर आहे.

पंधरा दिवस मी तिचा तीन वर न्यायचा प्रयत्न करतो आहे. नऊ नको, पण माझ्यादेखत चार तरी व्हावा. सोमवारी भाजी चिरायला घेतली. तिने थोडा वेळ बघितलं आणि माझ्या हातून सुरी काढून घेतली. मंगळवारी म्हटलं, निळा रंग तुला शोभतो. ती म्हणाली, “हे? हे मी घर पुसायला काढलंय.” बुधवारी दिवसभर तिची एकही चूक काढली नाही. ती म्हणाली, नवा पूल तीन किलोमीटर लांब आहे. तो आठशे मीटर आहे. मी म्हटलं, असेल. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

“काय सांगितलं डॉक्टरांनी?”

“कोणत्या डॉक्टरांनी?”

“तेच विचारतेय. कोणत्या?”

तीही बदलली आहे. फार गोड वागते. चहा न मागता येतो. परवा तिने मला रंगांची पेटी आणून दिली, बारा रंगांची, ब्रशासकट. म्हणाली, “हात रमेल.” ठकू, रंगांची पेटी कोणाला देतात? फार दिवस पडून राहायचं असतं त्याला देतात. शिवाय सोमवार, बुधवार, शुक्रवार चार वाजता ती “जरा जाऊन येते” म्हणून निघते आणि साडेपाचला परत येते. पिशवी नेते, रिकामी आणते. त्या बाजूला दोनच पाट्या आहेत. एक दातांच्या डॉक्टरची, एक वकिलाची. तिचे दात पक्के आहेत.

तिला सरळ विचारा, असं म्हणशील. विचारायचं तर लिफाफा उघडल्याचं सांगावं लागेल. आणि ते सांगूनही, ती हो म्हणाली तर?

तू तिला काही लिहू नकोस.

बाबा


२० मार्च

चि. ठकू,

आशीर्वाद. बाराही फॉर्म बाद झाले, असं तू लिहिलंस. योग्य आहे. मीही केले असते.

तू त्या एका देशाविषयी लिहिलंस ते वाचलं. तिथे म्हणे ‘तुम्ही किती सुखी’ असं विचारलं, की माणूस आधी घरातल्यांना हाका मारतो, सगळे गोळा होतात, वाद घालतात आणि मग मिळून एक आकडा सांगतात. तुमच्या ऑफिसला त्याचा त्रास होतो. मला तो देश पटला. तिथे लिफाफे लागत नाहीत.

“आईला विचारा” असंही तू लिहिलंस. तो उपाय मी शेवटचा ठेवला होता. आधी अचानक तपासणी केली.

गेल्या आठवड्यात बुधवारी ती चारला निघाली. मी वीस पावलं मागे. नोकरीत असताना दुकानदार मला दोन गल्ल्यांवरून ओळखायचे. तुझ्या आईला मी दिसलो नाही. (दिसलो होतो. ते नंतर कळलं.) ती दातांच्या डॉक्टरपाशी थांबली नाही. वकिलाच्या दारासमोर तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तेवढ्यात मीही जागीच थांबलो. पण तिथेही थांबली नाही. पुढे एका बैठ्या घरात शिरली. मी खिडकीखाली उभा राहिलो.

आत दोन बायका. एक आवाज ठणठणीत. दुसरा आईचा. आई काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. मोठ्याने परत म्हणाली, तरीही नाही. ठणठणीत आवाज म्हणाला, “जीभ दातांना लावू नका. परत.” मला वाटलं, म्हणजे दातांचंच काहीतरी आहे. तेवढ्यात आईच्या तोंडून दोन शब्द आले, ते मात्र ओळखले. जेवणानंतर तोंड पुसून जावईबापू म्हणाले होते ते.

खिडकीतून एक पांढरं डोकं बाहेर आलं. “कोण पाहिजे?”

“कोणी नाही. मी निरीक्षक. निवृत्त.”

“इथे काय तपासताय?”

आतून आई म्हणाली, “बाई, ते आमचेच आहेत. राहू द्या तिथेच. साडेपाचला सुटले की नेते.”

साडेपाचपर्यंत उभा राहिलो. शाळेत तुला आणायला यायचो तेव्हा असाच उभा राहायचो. तेव्हा सावली होती.

परत येताना तिने सगळं आपणहून सांगितलं. वर्षभर जाते आहे. त्या बाईंनी जावईबापूंच्या देशात अठरा वर्षं शाळेत शिकवलं आहे.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही परीक्षा घेतली असती.”

“पण शिकतेस कशाला? जावयाशी भांडायला?”

“विहीणबाईंसाठी.”

तुझ्या सासूबाई आपल्याकडे अकरा दिवस होत्या, तेव्हाचं तुला आठवत असेल. दोघी दुपारभर गच्चीत बसायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. संध्याकाळी आईचे गाल दुखायचे. एकदा आईने तुझ्यामार्फत त्यांना विचारलं होतं, इथे सुखात आहात ना? त्यांनी मिनिटभर विचार केला आणि म्हणाल्या, “आज, या वेळी, हो.” मला ते तुटक वाटलं होतं. आईला अजून ते पाठ आहे. ती म्हणाली, “आपल्यात विचारायचा अवकाश, उत्तर तयार. त्या थांबल्या. आत जाऊन बघून आल्या आणि मग सांगितलं.” निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी गच्चीतून समोरच्या घराकडे बोट दाखवून खूप वेळ काही सांगितलं. मध्ये रडल्या. मग हसल्या. तू बाजारात गेली होतीस.

“काय सांगितलं ते मला समजून घ्यायचंय,” आई म्हणाली.

“ठकूला विचारायला सांगू.”

“भाषांतर नको. त्यांच्या तोंडून ऐकायचंय आणि मलाही काही सांगायचंय.”

मग मी हळूच म्हटलं, “तीन म्हणजे फार कमी नाही का?” ती म्हणाली, “कमी कसले? क्रियापदं येतात. भूतकाळ अजून येत नाही. पाच वर्षांत नवव्या पायरीवर जाईन. दहावी नको. तिथे गेल्यावर माणूस करतो काय?”

“अगं, पण फॉर्म आयुष्याबद्दल होता.”

“मग मी कशाबद्दल बोलतेय?”

मला इतकं हलकं वाटलं की मी रस्त्यातच थांबलो. म्हटलं, मला वाटलं तू दुःखी आहेस. ती म्हणाली, “खाली उभं राहून वर बघायला किती मजा येते! दुःखी कोण? तुम्ही. आज आठ, पाच वर्षांनी आठ. फॉर्म उघडाच टाकला होतात टेबलावर. माणूस शिडीवर बिऱ्हाड करून राहिलाय, खाली येत नाही, वर जात नाही. म्हणून तर रंगांची पेटी आणली.”

दोघंही हसलो. ठकू, मी खरंच सांगतो, शिंप्याच्या दुकानापर्यंत आम्ही हसत होतो. तिथे ती थांबली.

“पण माझे तीन तुम्हाला कसे कळले?”

सांगितलं. काटा, चार ग्रॅम, किटली, एकसारखेपणा. शिंपी दारात येऊन ऐकत होता. चार ग्रॅमला त्याने मान खाली घातली.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “एकेचाळीस वर्षांत मी एकच कागद चिकटवला होता.”

त्याला आज आठ दिवस झाले. ती कामापुरतं बोलते. पाणी गेलं. दार लावा. चहा मागितल्यावर येतो. काल मी म्हटलं, विहीणबाईंशी बोलायला पाच वर्षं लागतील, आपल्याला दोघांना तर एकच भाषा येते. ती म्हणाली, “आपण बोलत नाही. मी बोलते, तुम्ही तपासता.”

वर्गात मीही येऊ का, असं विचारलं. नाही म्हणाली. “तुम्ही बाईंच्या चुका काढाल.”

“मला त्या भाषेतलं अक्षर येत नाही.”

“तरी काढाल.”

रंगांची पेटी उघडली. निळ्याने एक तराजू काढला. प्रमाणात आला आहे.

हे पत्र पोस्टात टाकण्याआधी आईपुढे ठेवलं. तिने वाचलं नाही. म्हणाली, “बंद करा आणि टाका.”

बाबा


१५ एप्रिल

चि. ठकू,

आशीर्वाद.

नवे फॉर्म पाठवू का, असं तू विचारलंस. पाठव, पण दादाकडे पाठव. तो कोणाचंच काही वाचत नाही.

इथली बातमी अशी. बाई महिनाभर बहिणीकडे गेल्या आहेत. वर्ग बंद. त्यांनी जाताना आईला बजावलं, रोज मोठ्याने बोला, नाहीतर जीभ पुन्हा दातांना चिकटेल. पहिले दोन दिवस आई गच्चीत जाऊन एकटीच बोलली. शेजारीण मला विचारून गेली, सगळं ठीक आहे ना? तिसऱ्या दिवशी आईने माझ्यासमोर एक कागद ठेवला.

“एकटीने प्रश्न विचारून एकटीने उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारा.”

“मी?”

“फक्त विचारायचं. पेन्सिल नको, घड्याळ नको. मान हलवायची नाही.”

“कोणत्याच दिशेला?”

“कोणत्याच.”

कागदावर सतरा प्रश्न होते. त्या भाषेतले, पण देवनागरीत लिहिलेले. अर्थ दिला नव्हता. मी वाचायचं, तिने उत्तर द्यायचं, मी पुढचा वाचायचा. माझे उच्चार ऐकून ती पहिल्या दिवशी इतकी हसली की तीन आठवड्यांचा राग त्यात बराचसा गेला. सगळा गेला असं म्हणणार नाही. मी मोजलेला नाही.

पहिला प्रश्न मला ओळखू येतो. फोन उचलला की जावईबापू तोच म्हणतात. तुम्ही कशा आहात?

पहिल्या दिवशी तिने त्याचं उत्तर दोन शब्दांत दिलं. तेच दोन शब्द, वाईट नसल्याचे. दुसऱ्या दिवशी एक वाक्य आलं. मग दोन आली. आता या एका प्रश्नावर ती दहा-दहा मिनिटं बोलते आणि उरलेले सोळा तसेच राहतात. मध्येच अडते. छताकडे बघून शब्द शोधते. सापडला की टेबलावर थाप मारते. एखाद्या ठिकाणी खुदकन हसते आणि मला सांगावंसं वाटल्यासारखं करून सांगत नाही. परवा बोलता बोलता तिचा आवाज जड झाला, तरी ती थांबली नाही, वाक्य पुरं केलं. ती माझ्याबद्दल बोलत होती, की तुझ्याबद्दल, की भूतकाळ जमत नाही त्याबद्दल, मला कळायला मार्ग नव्हता. राहवलं नाही म्हणून विचारलं, “काय म्हणालीस?”

“पुढचा प्रश्न,” ती मराठीत म्हणाली.

एकेचाळीस वर्षांत हा प्रश्न मी तिला विचारला होता की नाही, ते आठवत बसलो. आजारपणात विचारला असेल. पण तेव्हा तापमापक हातात होता, आणि उत्तर त्याच्यावर वाचलं असणार.

माझा फॉर्म बाद झाला ते बरं झालं. नवा आला की आठ लिहिणार नाही. किती लिहीन ते ठरलेलं नाही. दुसऱ्या चौकटीचा तर अजून अंदाजच येत नाही. आईला विचारलं, माझ्या दुसऱ्या चौकटीत किती शोभेल? ती म्हणाली, “शोभायला ते काय शर्टाचं माप आहे? आणि मला विचारू नका. दार लावा आणि भरा.”

आता एक सांगायचं आहे. या कागदाच्या मागच्या बाजूला तुला एक खोडलेली ओळ दिसेल.

कालच्या उत्तरात आईने एक वाक्य तीनदा म्हटलं. पहिल्यांदा माझ्याकडे बघून, मग खिडकीकडे बघून, मग पुन्हा माझ्याकडे बघून. चुकलं म्हणून परत म्हटलं असेल. किंवा जमलं म्हणून. मी मान हलवली नाही, पण वाक्य कानात धरून ठेवलं. ती चहा टाकायला गेली तेवढ्यात ऐकलं तसं इथे उतरवलं, तुला पाठवून अर्थ विचारावा म्हणून. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. मग खोडलं.

आमच्या खात्यात खोडताना एकच रेघ मारायचा नियम होता, खालचं वाचता यावं म्हणून. हाताला तीच सवय. तेव्हा तुला ते वाचता येईल. तू वाच. तुझ्या आईचं आहे. पण मला कळवू नकोस.

चार वाजले. ती खुर्ची ओढून बसली आहे आणि कागद माझ्याकडे सरकवते आहे. पत्र इथेच थांबवतो.

अर्थ मी पुढच्या पत्रात विचारीन. फोनवरही विचारीन. तरी कळवू नकोस.

तुझे,
बाबा